तुकड्याची जागा

घरातल्या बहुतेक मोडक्या वस्तू न्यायला कुणीतरी येतं. लोखंड, पितळ, पत्रा, रद्दी, प्लॅस्टिक, बाटल्या, दारावरचा भंगारवाला सगळ्यांची किंमत करतो. फुटक्या कपबशीला मात्र तो हात लावत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. एकदा भट्टीतून निघालेली चिनी माती वितळवून तिची पुन्हा बशी करता येत नाही. काचेच्या तुकड्यांत ती मिसळली तर काचही वाया जाते, कारण काच वितळेल एवढ्या उष्णतेत चिनी मातीचा कण तसाच राहतो आणि नव्या बाटलीच्या अंगात खड्यासारखा अडकून बसतो. मग कान तुटलेला कप, टवका उडालेली बशी, तडा गेलेली लोणच्याची बरणी, नवं घर बांधताना उरलेले टाइलचे कोपरे, हे सगळं परसातल्या खड्ड्यात, ओढ्याच्या काठाला नाहीतर रस्त्याच्या भरावात जातं. तिथे ते कुजत नाही. हजार वर्षांनीही कुजणार नाही.

भाजलेली माती किती टिकते याचा पुरावा आपल्या जिल्ह्यातच आहे. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये उत्खनन केलं. ब्रह्मपुरी म्हटलं की लोकांना तिथे मिळालेली रोमन समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आठवते. पण सातवाहनांच्या काळातली वस्ती कोणत्या थरात आणि बहमनी काळातली कोणत्या थरात, हे सांगायला उत्खनन करणाऱ्याला मूर्तीपेक्षा खापरं जास्त उपयोगी पडतात. मूर्ती एखादीच मिळते, खापरं पाट्या भरभरून मिळतात. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या जोर्वे गावाचं नाव एका अख्ख्या प्राचीन संस्कृतीला मिळालं ते तिथल्या तांबूस, काळ्या नक्षीच्या भांड्यांच्या तुकड्यांमुळे. कडेचा एवढासा तुकडा हातात घेऊन मूळ भांडं केवढं होतं, कसं घडवलं, कसं भाजलं हे जाणकार सांगतो. तुकडा वाचण्याची ही सवय या पुस्तकाच्या वाचकालाही लावून घ्यावी लागणार आहे.

फुटकी भांडी, खापरं आणि टाइल यांचे तुकडे चुन्यात, सिमेंटात किंवा चिकटद्रव्यात शेजारी शेजारी बसवून पृष्ठभाग झाकायचा आणि सजवायचा, एवढाच या कामाचा, म्हणजे तुकड्यांच्या मोझॅकचा, गाभा. संगमरवराची खडी सिमेंटात घालून घासलेली जी मोझॅकची फरशी आपल्या आधीच्या पिढीने घराघरांत घातली, ती याच कुळातली, पण ती कारखान्यात होते आणि तिच्याबद्दल हे पुस्तक नाही. इथे हाताने निवडलेल्या आणि हाताने बसवलेल्या तुकड्यांचा विचार आहे.

या विषयावर बाहेर जे लेखन मिळतं ते बहुधा बार्सिलोनापासून सुरू होतं. आम्हाला गच्चीपासून सुरुवात करायची आहे, कारण महाराष्ट्रात या कलेचा सर्वांत मोठा, सर्वांत जुना चालू वर्ग गच्चीवर भरतो आणि त्याचा शिक्षक गवंडी आहे. त्याला कुणी कलावंत म्हटलेलं नाही. पण पांढऱ्या चिनी तुकड्यांची गच्ची ज्याने एकदा नीट पाहिली, त्याला या कामात किती विचार भरलेला आहे ते कळतं.

स्लॅबवर आधी विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात आणि त्यालाच पाण्याच्या वाटेकडे उतार देतात. पाळी करून पाणी भरतात, म्हणजे गच्चीवर मालाची छोटी आळी घालून काही दिवस पाणी तुंबवून ठेवतात. सिमेंटला ओल मिळते आणि खालून गळती आहे का तेही समजतं. त्यानंतर सिमेंटचा माल पसरून तो ओला असतानाच चिनी टाइलचे तुकडे त्यात दाबत जायचं. थापीच्या दांड्याने किंवा लाकडी फळीने ठोकून सगळे एका पातळीत आणायचे. वरून पांढऱ्या सिमेंटची पातळ लापशी ओतून सांधे भरायचे, अर्धवट सुकल्यावर चिंध्यांनी आणि लाकडाच्या भुशाने पुसून काढायचे, शेवटी पातळ केलेल्या ॲसिडने धुऊन तुकड्यांचं तोंड उजळायचं. कठड्याला टेकते तिथे काटकोन ठेवायचा नाही, गोलाई द्यायची. तिला गवंडी वाटा म्हणतात. पाणी कोपऱ्यात थांबू नये म्हणून ती असते.

इतक्या खटपटीपेक्षा सरळ मोठ्या टाइल का बसवत नाहीत? गच्ची उन्हाने दिवसभर तापते आणि रात्री निवते. मोठी टाइल या फुगण्या-आकसण्यात उचलली जाते, तिचे लांब सांधे उकलतात. लहान तुकड्यांत हीच हालचाल शेकडो सांध्यांत वाटली जाते. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं. गच्चीला दोन दिशांनी उतार असतो आणि कडेला गोलाई असते. सपाट टाइल वळत नाही. पृष्ठभाग वळला की तुकडा लागतोच. पांढरा रंग ऊन परतवतो, त्यामुळे खालची खोली थोडी थंड राहते, हा वरचा फायदा. तेव्हा फुटकी चिनी माती गच्चीवर गेली ती काटकसर म्हणून जितकी, तितकीच ती त्या जागेला योग्य म्हणून. आमच्या सगळ्या पुस्तकाच्या तळाशी हाच विचार आहे: तुकडा हे अख्ख्या वस्तूचं गरीब रूप मानायचं कारण नाही, त्याला अख्ख्या वस्तूला न जमणारी कामं जमतात.

हाच धडा जगात वेगवेगळ्या ठिकाणी लोक शिकले. इराकमधल्या प्राचीन उरुक शहरात पाच हजार वर्षांपूर्वी भाजलेल्या मातीचे लहान लहान शंकू ओल्या भिंतीत टोचून नक्षी केली होती. ग्रीकांनी नदीतल्या गुळगुळीत गोट्यांच्या जमिनी केल्या. मॅसिडोनियात पेल्ला इथे त्या आजही आहेत. रोमन लोक फुटकी कौलं आणि भांडी कुटून चुन्यात कालवत आणि त्याची पाणी न शोषणारी जमीन करत. आपल्याकडची सुरखी म्हणजे हेच, विटांचा किंवा कौलांचा कूट चुन्यात. आणि जुना ठोकून केलेला कोबा हा त्या रोमन जमिनीचा सख्खा भाऊ. पुढे रोममध्ये आणि बायझंटाइन साम्राज्यात दगडाचे आणि सोनेरी काचेचे मुद्दाम कापलेले चौकोन आले, राव्हेन्नाच्या सहाव्या शतकातल्या चर्चांत ती कला शिखराला पोचली. पण तिथे तुकडा फुटलेला राहिला नाही, तो ठरवून पाडलेला होता. तो मोठा इतिहास आहे, त्याच्यावर ग्रंथ आहेत, आम्ही त्याला लांबून नमस्कार करून पुढे जातो.

आपल्या अधिक जवळचं उदाहरण बीदरचं. महमूद गवानच्या १४७२ च्या मदरशावर इराणी पद्धतीच्या रंगीत टाइल लावलेल्या होत्या, त्यांचे अवशेष अजून दिसतात. तिथल्याच रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे जडवले आहेत. काळ्यावर ती चमक पाहिली की पार्श्वभूमीचा रंग किती काम करतो ते वेगळं सांगावं लागत नाही. गोव्यात आणि चौलसारख्या बंदरांत निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांची खापरं मिळतात. समुद्रमार्गे आलेली ही भांडी तेव्हा श्रीमंतांची होती, आणि ती फुटल्यावर सुद्धा टाकवत नसत. गोव्याच्या जुन्या घरांत जमिनींत आणि बसण्याच्या जागांवर चिनी मातीच्या तुकड्यांचं काम दिसतं, ते या आवडीतूनच आलेलं असावं असं आम्हाला वाटतं.

तिकडे बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीकाठच्या वाट अरुण मंदिराचं उंच शिखर एकोणिसाव्या शतकात चिनी भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलं गेलं. चीनहून येणारी जहाजं तोल राहावा म्हणून पोटात ही भांडी भरून आणत. शिखरावर पाकळ्या म्हणून जे बसवलंय ते जवळून पाहिलं तर बशीची कड असते. दक्षिण चीनमध्ये आणि तैवानमध्ये देवळांच्या छपरांवरचे ड्रॅगन आणि फुलं रंगीत वाडगे कापून करतात. तिथे तो पिढीजात धंदा आहे, त्याचे कारागीर आहेत, गुरू-शिष्य आहेत. व्हिएतनाममध्ये हुए इथल्या सम्राट खाई दिन्ह यांच्या समाधीच्या आतल्या भिंती १९२० ते १९३१ या काळात अशाच तुकड्यांनी भरल्या. या सगळ्या कामांत राजाश्रय किंवा देवस्थान पाठीशी होतं.

विसाव्या शतकात काही वेगळं झालं. एकटी माणसं, कुणी न सांगता, फुटक्या भांड्यांनी जग उभं करू लागली. बार्सिलोनाचा अँटोनी गौदी हा शिकलेला वास्तुकार होता. त्याने आणि त्याचा सहकारी जोसेप मारिया झुजोल याने पार्क ग्वेलमधला नागमोडी बाक टाइलच्या आणि भांड्यांच्या तुकड्यांनी मढवला. त्यामागचं कारण आपल्या वाट्यासारखंच आहे: बाक वळतो, टाइल वळत नाही. पण सायमन रोडिया हा इटलीहून आलेला साधा बांधकाम कामगार. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात त्याने १९२१ ते १९५४ अशी तेहतीस वर्षं एकट्याने लोखंडी सळ्या, जाळी आणि सिमेंट यांचे मनोरे बांधले, त्यात बशा, टाइल, शिंपले, हिरव्या बाटल्यांचे तळ दाबले. सर्वांत उंच मनोरा तीस मीटरच्या आसपास आहे. नगरपालिकेने ते धोकादायक ठरवले तेव्हा १९५९ मध्ये त्यांच्यावर दहा हजार पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेचार टनांचा ताण देऊन पाहिला. मनोरे हलले नाहीत. फ्रान्समधल्या शार्त्र गावात रेमाँ इझिदोर या दफनभूमीतल्या झाडूवाल्याने १९३८ पासून १९६४ मध्ये मरेपर्यंत आपलं घर, अंगण, पलंग, शेगडी सगळं फुटक्या बशांनी मढवलं. आज ज्या शैलीत बशीची फुलं, कड, कान ओळखू येतील असे ठेवतात, तिला त्याच्या घरावरूनच पिकासिएत म्हणतात.

आणि आपल्याकडे नेकचंद. फाळणीत घर सोडून आलेले, चंदीगडच्या बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक. नवं शहर उभं करण्यासाठी जी गावं पाडली त्यांचा राडारोडा त्यांनी १९५७ पासून सुखना तलावाजवळच्या सरकारी जंगलात गुपचूप गोळा करायला सुरुवात केली आणि त्यातून माणसं, जनावरं, धबधबे, कमानी उभ्या केल्या. फुटक्या कपबश्या, संडासाची चिनी भांडी, बांगड्यांचे तुकडे. बांगड्यांच्या तुकड्यांनी नेसवलेल्या, त्यांनी घडवलेल्या बायकांच्या रांगा पाहताना, एवढ्या काळातल्या किती हातांतल्या त्या बांगड्या असतील, हा विचार मनातून जात नाही. प्रशासनाला हे सत्तरच्या दशकात कळलं, आणि पाडायच्या ऐवजी १९७६ मध्ये ती बाग लोकांना खुली केली. त्यांना पुढे मजूर आणि पगार मिळाला. सरकारी खात्याने बेकायदा बांधकामाबाबत इतका शहाणा निर्णय घेतल्याचं दुसरं उदाहरण शोधावं लागेल.

मराठी वाचकाने अहमदाबादलाही जाऊन यावं. बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मले, तिथेच वाढले, मुंबईच्या जे. जे.मध्ये वास्तुकला शिकले. त्यांच्या स्वतःच्या कार्यालयाच्या, संगातच्या, पिंपासारख्या गोल छपरांवर त्यांनी १९८० च्या सुमारास पांढऱ्या चिनी तुकड्यांचं आवरण घातलं. म्हणजे आपल्या गवंड्यांची गच्ची त्यांनी वास्तुकलेच्या मुख्य दारातून आत आणली. पुढे १९९५ मध्ये त्यांनी मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रांसाठी अहमदाबादमध्ये जमिनीखालची गुफा बांधली. बाहेर फक्त घुमटांच्या पाठी दिसतात, त्या पांढऱ्या तुकड्यांच्या, आणि त्यांच्यावरून सरपटत गेलेला काळ्या तुकड्यांचा शेषनाग. हुसेन पंढरपूरचे. पंढरपूर आणि पुणे इथल्या दोघांनी मिळून जे केलं ते आपल्या कलाविषयक लेखनात या अंगाने फारसं आलं नाही. आम्हाला ते पुस्तकात आणावंसं वाटलं.

आता शैलींबद्दल. ढोबळमानाने चार प्रवाह दिसतात. पहिला गवंड्याचा: ओल्या मालात, झरझर, रंग एकच किंवा दोन, पृष्ठभाग मोठा. दुसरा चित्राचा: तुकडा कापून लहान केलेला, दुरून आकृती उठावी म्हणून. तिसरा इझिदोरच्या घराचा: भांडं भांडं म्हणून ओळखू यावं. चौथा आठवणींचा, ज्यात भांड्यांबरोबर किल्ल्या, बटणं, नाणी, शिंपलेही बसतात आणि ज्याची अमेरिकेत मृतांच्या स्मरणासाठी केलेल्या घागरींची जुनी रीत आहे. आमचा कल लपवायचा नाही: पहिला आणि तिसरा आम्हाला जवळचे. बशीचे सारखे चौकोन पाडून त्यातून गणपती किंवा मोर काढला की काम चोख दिसतं, पण बशी हरवते. तेवढ्यासाठी कारखान्यातल्या काचेच्या टाइल आणल्या असत्या तरी चाललं असतं. ज्या तुकड्यावर अर्धं गुलाबाचं फूल आहे त्याच्या शेजारी त्या फुलाचं दुसरं अर्धं न येता निळी रेघ येते, तिथे खरा निर्णय असतो. आमच्या भागातल्या बाया वाकळ शिवताना हेच करतात. जुन्या साडीचा काठ कुठे आला पाहिजे हे त्यांना आधी ठरवावं लागतं, मधलं अंग मग भरत जातं. मोझॅकमध्येही कडा आधी.

टाकाऊतून टिकाऊ या नावाखाली शाळांत आणि प्रदर्शनांत जे मांडलं जातं त्याबद्दल एक स्पष्ट मत नोंदवतो. मडक्यावर फेव्हिकॉलने चार तुकडे चिकटवून वर सोनेरी रंग फासलेली वस्तू टाकाऊच राहते, कारण ती एका पावसाळ्यात सुटते. पांढरा गोंद पाण्याने मऊ पडतो. घरात ठेवायच्या वस्तूला तो चालतो. बाहेरच्या कुंडीला, कट्ट्याला, भिंतीला सिमेंटचाच माल किंवा टाइलसाठीचं सिमेंटयुक्त चिकटद्रव्य लागतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या भुदरगडात पाऊस कसा पडतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. पाटगावच्या बाजूला सह्याद्रीच्या कुशीत तर जून ते सप्टेंबर भिंत कोरडी म्हणून होत नाही. जे या पावसात टिकलं ते महाराष्ट्रात कुठेही टिकेल, म्हणून हे पुस्तक गारगोटीत तयार झालं याचा आम्हाला आनंद आहे.

पावसाशी गाठ पडली की पहिल्यांदा माती ओळखावी लागते. कुंभाराच्या आव्यात मडकं सातशे ते नऊशे अंशांच्या आसपास भाजतं. त्याचं अंग सच्छिद्र राहतं. माठातलं पाणी म्हणूनच गार होतं. हे खापर बाहेर बसवलं तर पाणी पितं, त्यावर शेवाळ धरतं, पाण्याबरोबर क्षार वर येऊन पांढरे डाग पडतात. तरीही त्याचा तांबडा रंग दुसऱ्या कशाने मिळत नाही. त्याला आतून-बाहेरून आधी पाण्यात भिजवून घ्यायचं, नाहीतर ते मालातलं पाणी शोषून घेतं आणि माल कच्चा राहतो. गवंडी वीट भिजवतो, तेच कारण. लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी बाराशे अंशांच्या वर भाजलेली असते, अंग घट्ट, पाणी आत जात नाही. पण तिची जाडी बशीच्या दुप्पट असते, म्हणून दोघींना एका पातळीत आणायला बशीखाली माल जास्त घ्यावा लागतो. पोर्सेलीनचा आणि बोन चायनाचा कप पातळ, काचेसारखा फुटणारा; त्याच्या तुकड्याची कड सुरीसारखी असते. मंगलोरी कौल यांच्यात कुठे बसतं? १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यापासून हे कौल पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर पसरलं. बेळगावच्या खानापुरातही कौलांचा धंदा वाढला. ते मडक्यापेक्षा घट्ट, बरणीपेक्षा मऊ. त्याची उभी पन्हळ आणि मागचा शिक्का जपून फोडला तर फार सुंदर वापरता येतो.

फोडण्याबद्दलही इथेच सांगतो, कारण उत्साहात लोक याकडेच दुर्लक्ष करतात. भांडं गोणपाटात गुंडाळूनच हातोडी मारायची. डोळ्यांना चष्मा, हातांत जाड मोजे. तुकडा घासायचा असेल तर ओला करून. कोरडी धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. जुन्या भांड्यांच्या झिलईत आणि नक्षीच्या रंगांत शिसं असू शकतं, म्हणून अशा तुकड्यांचं ताट किंवा खाणं ठेवायचा पाट करू नये. मुलांनी तुकडे निवडावेत, रंगांनी वेगळे करावेत, बसवावेत; फोडायचं काम मोठ्यांनी करावं.

आपल्या घरांत या कलेला एक अडथळा आहे आणि तो मान्य करून पुढे जायला हवं. फुटकं भांडं घरात ठेवू नये असं आपण लहानपणापासून ऐकतो. मडकं फुटण्याचा संबंध थेट स्मशानाशी आहे. म्हणून कपबशी फुटली की ती लगेच बाहेर जाते. पण याच घराच्या अंगणात सिमेंटच्या तुळशीवृंदावनावर चिनी तुकड्यांची नक्षी असते आणि तिच्यापुढे रोज दिवा लागतो. गावाकडच्या कितीतरी छोट्या देवळांच्या कट्ट्यांवर, कळसाखालच्या पट्ट्यांवर असंच काम आहे. गवंड्याने पाण्यात, मालात एकदा बसवला की तो तुकडा फुटका राहत नाही, असं काहीतरी लोकांनी मनाशी ठरवून टाकलेलं दिसतं. वृंदावनांची आणि कट्ट्यांची ही कामं वेगाने नाहीशी होत आहेत. जुनं अंगण फोडून नवी फरशी घातली जाते तेव्हा वृंदावनही तयार संगमरवरी येतं. त्यांच्या नोंदी करणं, छायाचित्रं काढणं, कोणत्या गवंड्याने केलं ते विचारून ठेवणं हे तातडीचं काम आहे.

कपाच्या वाट्याला आपल्या समाजात आणखी एक इतिहास आला आहे. पुण्यात १८९० मध्ये पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल टिळक-रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आणली गेली. चहाच्या हॉटेलांत दलितांचे कप वेगळे, बाहेर ठेवलेले, ज्याचे त्याने धुवायचे. पुढे कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिलं आणि स्वतः जाऊन तिथे चहा घेतला, बरोबरच्यांनाही पाजला. गारगोटी त्याच संस्थानातली. म्हणून शाळेच्या भिंतीसाठी वाड्यावस्त्यांवरून मुलं घरचे फुटके कप आणतात, ते एका ढिगात मिसळतात आणि कुणाच्या घरचा तुकडा कुणाच्या तुकड्याशेजारी बसला हे पुढे कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा आम्हाला ती भिंत सजावटीपेक्षा फार मोठी वाटते.

शाळेचा उल्लेख आला तो सहज आलेला नाही. गारगोटीत १९५२ मध्ये जे. पी. नाईक यांनी मौनी विद्यापीठ उभं केलं ते खेड्याचं शिक्षण खेड्याच्या कामाशी जोडण्यासाठी. हेच नाईक पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, आणि शाळेत हाताने करायच्या कामाला शिक्षणाचा अविभाज्य भाग करावं ही त्या आयोगाची शिफारस. आपल्या शाळांतला कार्यानुभव हा विषय त्या वाटेवरचा. तो विषय बऱ्याच ठिकाणी वहीतल्या चित्रापुरता उरला, हे शिक्षकांना माहीत आहे. याच गावात बांधकामाचं शिक्षण देणारी संस्थाही आहे. म्हणजे शिक्षक, गवंडी आणि बांधकाम शिकणारी मुलं एका गावात आहेत. मोझॅकच्या एका भिंतीत भूमिती आहे, रसायन आहे, इतिहास आहे, चित्रकला आहे, आणि शेवटी काहीतरी कायमचं उभं राहतं. आठवीच्या वर्गाला क्षेत्रफळ शिकवायला याहून चांगलं साधन आम्हाला माहीत नाही.

आजच हे पुस्तक का, याचं उत्तर कुठल्याही गावाच्या वेशीवर पडलेलं आहे. कौलारू घरं उतरताहेत, स्लॅबची घरं चढताहेत. शेणाने सारवलेली जमीन, मग शहाबादी, मग मोझॅकची फरशी आणि आता मोरबीहून येणाऱ्या चकचकीत टाइल, असा प्रवास एका पिढीत झाला. प्रत्येक घराच्या कामात कापून उरलेल्या टाइलची पोती निघतात, उतरवलेल्या कौलांचे ढीग निघतात. बांधकामाच्या राडारोड्यासाठी २०१६ पासून देशात वेगळे नियम आहेत, पण छोट्या गावात तो राडारोडा नेऊन टाकायची जागा ओढाच असते. घरातही स्टीलच्या कप-बशांची जागा पुन्हा चिनी मातीच्या मगांनी घेतली. कच्चा माल इतका, इतक्या रंगांत आणि इतका फुकट यापूर्वी कधी नव्हता. दुसरीकडे चिनी तुकड्यांची गच्ची करणारे जुने हात कमी होत आहेत, कारण आता रंगासारखं फासायचं रसायन मिळतं आणि काम अर्ध्या दिवसात संपतं. माल वाढतो आहे आणि हुन्नर घटतो आहे. या दोन्हींची गाठ घालायची तर आत्ताच.

या पुस्तकाने काय करायचं ठरवलं आहे ते थोडक्यात सांगतो. गवंड्यांची पद्धत त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्याच क्रमाने लिहून ठेवायची, हा पहिला हेतू. त्यातली मालाची प्रमाणं आम्ही त्यांच्याकडून घेतली. जिथे दोघांची प्रमाणं वेगळी निघाली तिथे दोन्ही दिली आहेत. दुसरा हेतू नवशिक्याला एका लहान वस्तूपासून भिंतीपर्यंत नेण्याचा. तिसरा, जगातल्या आणि देशातल्या मोठ्या कामांकडे करणाऱ्याच्या नजरेने पाहायला शिकवण्याचा, म्हणजे वाट अरुणची पाकळी पाहून ती बशीच्या कोणत्या भागातून काढली हे ओळखता यावं. सोन्याने सांधलेल्या जपानी भांड्यांबद्दल इथे काही नाही. ती भांडं पुन्हा भांडं करण्याची कला आहे, आमचा विषय भांड्यापासून दुसरं काही करण्याचा. काचेचं आणि आरशाचं जडावकाम, जयपूरच्या शीशमहालासारखं, तेही वगळलं, कारण त्याची हत्यारं आणि धोके निराळे आहेत. तयार नमुन्यांचे कागदी आराखडे आम्ही मुद्दाम दिलेले नाहीत. तुमच्याकडे जमलेले तुकडे आमच्याकडच्या तुकड्यांसारखे असणार नाहीत, आणि आराखडा हातात आला की माणूस तुकड्याकडे बघायचं सोडून देतो.

पुढे वाचायला घेण्याआधी एक काम सुरू करा. घरात एक जुनी बादली आणि चार खोकी ठेवा. फुटलेलं प्रत्येक भांडं धुऊन, वाळवून आधी बादलीत, मग सवड मिळेल तशी वाटणी: कडा एका खोक्यात, तळाच्या गोल चकत्या दुसऱ्यात, कान, नळ्या, झाकणाचे गोळे तिसऱ्यात, सपाट अंग चौथ्यात. रंगाने वेगळे करायची घाई नको. शेजाऱ्यांना सांगून ठेवा, चहाच्या गाड्यावर सांगा, फरशी बसवणाऱ्याला सांगा. कुंभाराकडे आव्यातून तडकून निघालेली भांडी असतात, तीही मागा, आणि त्याला त्याचे पैसे द्या. तुम्ही आकारांच्या प्रकरणापर्यंत पोचाल तेव्हा खोकी निम्मी भरलेली असावीत. ते प्रकरण तुकडे समोर ठेवूनच वाचायचं आहे.

गारगोटी